‘तिला दवाखान्यात नेलं’: या वाक्यात कर्ता कोण?

बाईच्या आजारपणाबद्दल आपण मराठीत कसं बोलतो ते आठवून बघा. तिला दवाखान्यात नेलं. तिला डॉक्टरांना दाखवलं. तिचं ऑपरेशन करून घेतलं. तिला तांबी बसवली. चारही वाक्यांत ती आहे, पण कर्ता म्हणून एकाही वाक्यात नाही. नेणारं, दाखवणारं, करून घेणारं दुसरंच कुणीतरी आहे, आणि ते कोण हे सांगायचीही गरज कुणाला वाटत नाही. घराच्या बाबतीत ‘कर्ता’ म्हटलं की त्याच्यापुढे आपोआप ‘पुरुष’ हा शब्द येतो.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात गेली तीस-चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर खल चालला आहे, ती हीच. अभ्यासक तिला ‘एजन्सी’ म्हणतात. मराठीत कुणी निर्णयक्षमता म्हणतं, कुणी निर्णयस्वातंत्र्य. मला ‘कर्तेपण’ हा शब्द जवळचा वाटतो. स्वतःच्या शरीराचं आणि आयुष्याचं काय करायचं हे ठरवता येणं आणि ठरवलेलं करता येणं, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. मनातल्या मनात ठरवणाऱ्या बायका जगात पुष्कळ आहेत. अडतं ते पुढे.

दुसरा शब्द ‘सक्षमीकरण’. तो इतक्या फलकांवर आणि अहवालांत छापला गेला आहे की पार गुळगुळीत झाला. पण त्याचा एक नेमका अर्थ आहे आणि तो धरून ठेवण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ नायला कबीर यांनी १९९९ साली तो असा मांडला: आयुष्यातले कळीचे निर्णय घेण्याची क्षमता ज्यांना नाकारली गेली होती, त्यांना ती मिळत जाणं म्हणजे सक्षमीकरण. त्यांनी याचे तीन भाग पाडले. आधी साधनं लागतात: पैसा, शिक्षण, दवाखाना, कायदा. मग कर्तेपण. आणि शेवटी त्यातून जे साधलं जातं ते. आरोग्याच्या योजना पहिला आणि तिसरा भाग मन लावून मोजतात. किती गोळ्या वाटल्या, किती बाळंतपणं दवाखान्यात झाली. मधला भाग मोजायला अवघड, म्हणून तो राहून जातो. या लेखात मला त्या मधल्या भागाबद्दलच बोलायचं आहे, कारण माणसं दगावतात ती बऱ्याचदा तिथे.

बाळंतपणातले मृत्यू घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे २,६०,००० स्त्रिया गरोदरपणाशी किंवा बाळंतपणाशी निगडित कारणांनी गेल्या. म्हणजे दिवसाला सातशेहून जास्त. कारणं ठाऊक आहेत: अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात. उपायही ठाऊक आहेत आणि तेही कित्येक दशकांपासून. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ऑक्सिटोसिन, झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट, अँटिबायोटिक्स, रक्त, वेळेवर सिझेरियन. मग बाई मरते कशी?

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली याचं उत्तर ‘तीन उशीर’ या मांडणीत दिलं. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यात होतो. दुसरा तिथे पोहोचण्यात. तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात. मांडणी इतकी साधी की आज जगभरच्या परिचारिकांना ती शिकवली जाते.

दुसरा आणि तिसरा उशीर डोळ्यांना दिसतो. रस्ता नाही, गाडी नाही, डॉक्टर नाही, रक्त नाही. पहिला उशीर घराच्या आत घडतो, म्हणून त्याच्याबद्दल आपण चटकन एक गृहीत धरतो: बाईला कळलं नसेल, अडाणी असेल. वस्तुस्थिती बहुतेक वेळा वेगळी असते. रक्त जास्त जातंय, हे तिला सगळ्यांत आधी कळतं. पण तिच्या कळण्याला वजन नसतं. सासूला वाटायला हवं, नवरा घरी यायला हवा, पैसे ज्याच्या हातात आहेत त्याने ते काढायला हवेत, मागे लहानग्यांना कुणीतरी बघायला हवं. यातली एकेक परवानगी मिळवता मिळवता तास जातात, आणि बाळंतपणानंतरच्या मोठ्या रक्तस्रावात तासच काय ते हाताशी असतात.

थॅडियस आणि मेन यांच्या मांडणीतला एक धागा मला फार मोलाचा वाटतो, पण तो सहसा सांगितला जात नाही. हे तीन उशीर एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या दवाखान्यात औषध नसतं, जिथे अंगावर ओरडतात, जिथून शेजारीण परत आली नाही, तिथे जायला घर का कू करतं. तो अनुभवातून आलेला हिशोब असतो. म्हणजे पहिल्या उशिराचं मूळ पुष्कळदा तिसऱ्या उशिरात असतं. बायकांना ‘जागरूक करा’ म्हणताना दवाखान्याची दुरुस्ती बाजूला ठेवली, तर आपण उलट्या टोकाने दोरी ओढत असतो.

शिक्षणाचं कोडंही इथेच उलगडतं. आई शिकलेली असेल तर मुलं जास्त जगतात, हे जवळपास सगळीकडे दिसतं. १९७० ते २००९ या काळात जगातले पाच वर्षांखालचे बालमृत्यू जेवढे घटले, त्या घटीचा सुमारे निम्मा वाटा स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाशी जोडता येतो, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. पण शाळेत कुणी जुलाबावरचे उपचार शिकवत नाही, मग हे होतं कसं? जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातल्या माहितीवरून याचा माग काढला. त्यांचं म्हणणं असं की शिक्षणाने घरातला तोल बदलतो. शिकलेली आई मूल आजारी आहे हे स्वतः ठरवते, कुणी सांगायची वाट न बघता बाहेर पडते, आणि दवाखान्यात तिचं म्हणणं ऐकलंही जातं. अक्षरओळखीबरोबर तिला बोलण्याची जागा मिळालेली असते.

आता प्रश्न मोजण्याचा. लोकसंख्या आणि आरोग्याची मोठी सर्वेक्षणं १९८४ पासून नव्वदहून जास्त देशांत झाली. त्यांत विवाहित स्त्रियांना एक प्रश्न असतो: तुमच्या स्वतःच्या उपचारांबद्दलचा निर्णय सहसा कोण घेतं? तुम्ही, नवरा, दोघं मिळून, की आणखी कुणी? आजारपणात दवाखान्यात जाताना परवानगी मिळवणं, पैसे, अंतर, एकटीने जाणं यांतलं काय मोठं अडथळ्याचं वाटतं, हेही विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत याच धर्तीचं एक मोजमाप आहे. लैंगिक संबंध, गर्भनिरोधन आणि प्रजनन आरोग्याचे उपचार, या तिन्हींबाबत जी स्त्री स्वतः ठरवू शकते तिलाच त्यात मोजतात. ६८ देशांच्या आकडेवारीत अशा विवाहित किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या स्त्रिया ५६ टक्के भरल्या. उरलेल्या ४४ टक्के जणींना या तिन्हींपैकी किमान एका बाबतीत स्वतःच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द नाही.

या आकड्याकडे मी जपून बघते. ‘दोघं मिळून ठरवतो’ या उत्तरात दोन अगदी वेगळी घरं मावतात. एका घरात खरोखर बोलणं होतं. दुसऱ्या घरात तो सांगतो, ती मान डोलावते, आणि सर्वेक्षणवाल्या ताईंना ती म्हणते, दोघांनी ठरवलं. कर्तेपण खरं दिसतं ते मतभेद झाल्यावर. दोघांना हवं ते वेगळं असेल तेव्हा कुणाचं होतं?

झांबियाची राजधानी लुसाका इथे नावा अश्रफ, एरिका फील्ड आणि जीन ली या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच प्रसंग प्रयोगात पकडला. त्यांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. विवाहित स्त्रियांना एक चिठ्ठी दिली गेली. ती दाखवली की गर्भनिरोधक साधनं विनाशुल्क आणि ताटकळत न बसता मिळणार. एका गटातल्या बाईला ही चिठ्ठी एकटीला दिली, दुसऱ्या गटात नवऱ्याच्या देखत. दवाखाना तोच, साधनं तीच, खर्च दोघींनाही नाही. तरी नवऱ्यादेखत चिठ्ठी मिळालेल्या स्त्रिया दवाखान्यात जाण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. लपवून वापरता येतील अशी साधनं, म्हणजे इंजेक्शनसारखी, वापरण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी. आणि मूल होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी जास्त.

सेवा पुरवणं आणि ती घेता येणं यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही. पण गोष्ट इथे थांबत नाही. ज्यांना चिठ्ठी एकटीला मिळाली होती, त्या स्त्रियांची पुढे काही काळाने विचारपूस केली, तर त्यांचं मानसिक समाधान कमी झालेलं आढळलं. शरीराबद्दलचा निर्णय त्यांनी घेतला, पण चोरून, आणि चोरून जगण्याचा भार मनावर राहिला. गुप्तता ही अडचणीतली वाट आहे. कित्येक जणींसाठी ती एकच वाट असते, म्हणून ती बंद करता कामा नये. पण तिलाच सक्षमीकरण म्हणून मोकळं व्हायला माझं मन तयार होत नाही.

कधीकधी वाट साधनातच असते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन आता त्वचेखाली, लहान सुईने, स्वतःचं स्वतः टोचता येईल अशा रूपात मिळतं. मलावीतल्या मांगोची जिल्ह्यात यावर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचाऱ्याकडून टोचून घेणाऱ्या स्त्रियांपैकी वर्षअखेर ४५ टक्के जणींनी इंजेक्शन चालू ठेवलं होतं. स्वतः टोचून घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणींनी. औषध तेच. फरक एवढाच की दर तिमाहीला दवाखान्यात जायचं कारण घरी सांगावं लागलं नाही, दिवसाची मजुरी बुडाली नाही, रांग लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘स्वतःची काळजी स्वतः’ या विषयावर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अशा इंजेक्शनची आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी स्वतः नमुना घेण्याची शिफारस आहे. मला यात एकच धास्ती वाटते. स्वतःची काळजी स्वतः म्हणत म्हणत आरोग्य व्यवस्थेने हात झटकले, तर बाईच्या डोक्यावर आणखी एक काम चढेल.

कुटुंबनियोजनाची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विसाव्या शतकातले कित्येक कुटुंबनियोजन कार्यक्रम लोकसंख्येचे आकडे खाली आणण्यासाठी आखले गेले होते. त्यांत बाईचं शरीर हे उद्दिष्ट पूर्ण करण्याचं साधन होतं. त्याविरुद्ध स्त्री चळवळींनी अनेक वर्षं आवाज उठवला आणि १९९४ साली कैरोत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की मुलं किती, कधी, हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, आणि लोकसंख्येच्या धोरणाने त्या हक्कापासून सुरुवात करायची. एवढं होऊनही १९९६ ते २००० या काळात पेरूमध्ये सरकारी कार्यक्रमाखाली अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांत गरीब, ग्रामीण, आदिवासी स्त्रिया फार होत्या आणि अनेक जणींची खरी संमती घेतलीच नव्हती. योजनेच्या तक्त्यात त्या साऱ्या ‘लाभार्थी’ होत्या. म्हणून गर्भनिरोधक वापरणाऱ्यांची टक्केवारी वाढलेली दिसली की मी आणखी एक गोष्ट शोधते: दंडात बसवलेलं साधन काढून घ्यायचं म्हणून बाई परत आली, तर ते त्याच दिवशी, वाद न घालता काढून देतात का? हवं म्हणता येणं आणि नको म्हणता येणं ही एकाच हक्काची दोन तोंडं आहेत.

दवाखान्याच्या आतही वाक्याची रचना फारशी बदलत नाही. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत बाळंतपणाच्या खोलीतल्या वागणुकीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एक तृतीयांशाहून जास्त स्त्रियांना मारहाण, शिवीगाळ, भेदभाव अशा काही ना काही वागणुकीला तोंड द्यावं लागलं होतं. बाळ बाहेर येताना जी चीर देतात, तशा चिरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाईला न विचारता दिलेल्या होत्या. घरातून परवानगी मिळवून, रस्ता काढून, पहिले दोन्ही उशीर ओलांडून ती आलेली असते, आणि इथे तिला कुणी एक वाक्य विचारत नाही.

आणि जे विचारत नाहीत त्यांच्याकडे बघावं, तर त्यांतल्याही बहुसंख्य बायकाच आहेत. जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरच्या पदांवर जेमतेम २५ टक्के. आरोग्य क्षेत्रात स्त्रियांना पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी मोबदला मिळतो, असं २०२२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अहवालात आलं. जी परिचारिका रात्रपाळीत एकटी पंधरा खाटा सांभाळते, वरच्यांची बोलणी खाते, जिला स्वतःच्या कामाच्या वेळांबद्दल बोलायची सोय नाही, तिने दुसऱ्या बाईचं कर्तेपण जपावं ही अपेक्षा रास्त आहे. पण तिला मोकळं न करता ती पुरी होणार नाही.

पैसा हातात आला की सगळं आपोआप जुळतं का? दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात याचं उत्तर मिळालं. तिथे गरीब स्त्रियांना छोटी कर्जं दिली गेली आणि कर्जगटाच्या बैठकांतच नाती, हिंसा, एचआयव्ही, शरीर यांवर चर्चासत्रं घेतली. दोन वर्षांत जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष २००६ साली छापून आला. नुसती कर्जं मिळालेल्या गावांशी नंतर तुलना केली, तेव्हा दिसलं की कर्जाने मिळकत सुधारते, पण हिंसेत आणि घरातल्या वजनात फरक पडला तो पैसा आणि बोलणं एकत्र आलं तिथे. एचआयव्हीच्या नव्या संसर्गांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. रवांडात तर पुरुषांनाच बसवलं. बाप होणार असलेल्या किंवा लहान मुलांचे बाप असलेल्या तरुणांच्या पंधरा बैठका झाल्या, त्यांतल्या काही बैठकांना त्यांच्या बायकाही होत्या. २१ महिन्यांनी, गेल्या वर्षभरात नवऱ्याने मारलं असं सांगणाऱ्या स्त्रिया या गटात ३३ टक्के होत्या, इतर गटात ५७ टक्के. ३३ हा आकडाही भयंकर आहे. पण घरातला तोल हलतो, तो हलवता येतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

माझ्या सगळ्यांत जवळचा अभ्यास नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यातला. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. निवडलेल्या सगळ्या भागांत आरोग्य केंद्रांना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं. त्यांतल्या निम्म्या भागांत आणखी एक गोष्ट केली: स्थानिक बाई नेमून स्त्रियांच्या मासिक बैठका सुरू केल्या. ही बाई डॉक्टर नाही, नर्स नाही. ती भाषण देत नसे. चित्रांच्या पत्त्यांवरून ती विचारायची, आपल्याकडे बाळंतपणात काय काय होतं, त्यातलं सगळ्यांत वाईट काय, आपल्याला काय करता येईल. उत्तरं बायकांची. कुठे गटाने अडीअडचणीसाठी पैसे जमवून ठेवले. कुठे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला स्ट्रेचर तयार ठेवलं. कुठे स्वच्छ बाळंतपणासाठी लागणाऱ्या वस्तूंचे संच बनवून वाटले. कुठे गटातल्या बायका नव्या गरोदर मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या माणसांशी बोलल्या. गट असलेल्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे २६.२ नवजात बालकं दगावली, गट नसलेल्या भागांत ३६.९.

घरात एकटी बाई जे बोलू शकत नाही, ते वीस जणी मिळून तिच्या दाराशी जाऊन बोलतात. झांबियातल्या चोरून घेतलेल्या निर्णयापेक्षा हा प्रकार वेगळा आहे.

झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासीबहुल भागांत हीच पद्धत वापरली, तिथेही नवजात मृत्यू ठळकपणे घटले, आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण बांगलादेशातल्या पहिल्या प्रयोगात काहीच हाती लागलं नव्हतं. कारण शोधलं तर साधं निघालं: गट फार कमी होते, चौदाशेहून जास्त लोकांमागे एक, त्यामुळे बहुतेक गरोदर बायकांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. अशा अनेक प्रयोगांच्या निकालांवरून आता एवढं माहीत आहे की गरोदर स्त्रियांपैकी किमान एक तृतीयांश जणी गटात आल्या तर परिणाम दिसतो. बांगलादेशात गटांची संख्या काही पटींनी वाढवून प्रयोग पुन्हा केला गेला. या वेळी नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले.